शब्द बदलताना त्याचा भावही बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून येतो, सकाळी चहाबरोबर तोच लागतो. हे पत्र कुठल्या एका बातमीवर तक्रार म्हणून नाही, आणि जे लिहितेय ते फक्त तुमच्याच पेपरात दिसतं असंही नाही, सगळ्या मराठी पेपरांत आणि मोबाईलवरच्या न्यूज पोर्टलांत दिसतं. एकाच बातमीत तोच शब्द परत परत येऊ नये म्हणून आपण शब्द बदलत जातो ना, तेव्हा अर्थ जुळतो की नाही एवढंच बघितलं जातं, त्या शब्दाचा भाव काय, तो कुणाबद्दल वापरतात, ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं हे कुणी बघतच नाही, आणि मग बातमीचं म्हणणंच बदलून जातं. माझं म्हणणं एवढंच की शब्द परत आला तरी चालेल, पण चुकीच्या भावाचा शब्द येऊ नये. पत्र लांबणार आहे, पण उदाहरणं दिल्याशिवाय हे पटत नाही म्हणून देते.

पोलिसांच्या बातम्या आधी घेते कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. कुणाला तरी संशयावरून पकडलं. पहिल्या परिच्छेदात तो 'संशयित' असतो, ठीक. दुसऱ्यात 'आरोपी' होतो आणि शेवटाला पोचेपर्यंत 'गुन्हेगार', हेडलाइनमध्ये तर कधीकधी सरळ 'नराधम'. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं की पुनरुक्ती म्हणजे भाषेचा दोष, म्हणून तो बिचारा बदलत जातो. पण हे एकाच अर्थाचे तीन शब्द नाहीतच हो. नुसता संशय आहे तोवर संशयित, रीतसर आरोप ठेवला की आरोपी, आणि कोर्टाने दोषी ठरवलं तरच गुन्हेगार. मधली सगळी वर्षं त्या माणसाच्या घरच्यांना गावात वावरायचं असतं, आणि गोवा केवढासा, पेडण्यातली गोष्ट काणकोणात पोचायला वेळ लागत नाही. सुटका झाली तरी तेच. कोर्टाने 'निर्दोष' म्हटलं असेल तर 'पुराव्याअभावी सुटका' लिहू नका, कारण वाचणारा त्यातून असं घेतो की केलं होतं यानेच, फक्त सापडलं नाही. कोर्टानेच पुरावा कमी पडला म्हटलं असेल तर तसं लिहा, पण जागा पुरत नाही म्हणून एकाच्या जागी दुसरा शब्द टाकण्यासारखे हे शब्द नाहीत.

दुसरी गोष्ट 'म्हणाले' या शब्दाची. इतका साधा, इतका सरळ शब्द, पण पेपरात त्याला कुणी थारा देत नाही. स्पष्ट केले, नमूद केले, दावा केला, ग्वाही दिली, कबूल केले, ठणकावले, खडसावले, निदर्शनास आणून दिले, यातला जो हाताला लागेल तो. आता समजा मंत्री म्हणाले की रस्ता मेपर्यंत होईल. 'स्पष्ट केले' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं विषय संपला, शंका नको. 'दावा केला' लिहिलंत तर पेपरालाच ते पटलेलं नाही असं दिसतं. 'ग्वाही दिली' म्हणजे शब्द दिला, जूनमध्ये जाऊन विचारता येईल. 'कबूल केले' म्हटलं की आधी लपवत होते आणि कुणीतरी बोलतं केलं. चारही वेळी मंत्री एकच वाक्य बोललेत, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात चार वेगळे मंत्री उभे राहिले. आणि हे शब्द सगळ्यांना सारखे वाटले जात नाहीत हे मला जास्त खटकतं. सत्तेवरचा माणूस बोलला की 'स्पष्टीकरण', गावातला एखादा कार्यकर्ता माहिती हक्काखाली काढलेले कागद हातात घेऊन बोलला तरी तो 'आरोप'. विधानसभेत पुरुष आमदार आवाज चढवून बोलले तर ते 'आक्रमक' होतात, बाई तशाच बोलल्या तर त्या 'भडकल्या' किंवा 'संतापल्या'. आक्रमक हा शब्द मुद्द्याकडे बोट दाखवतो, भडकल्या हा स्वभावाकडे. 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' दहा वेळा आलं तरी एकाही वाचकाला खटकणार नाही, कारण त्या शब्दांवर कुणाची नजर थांबतच नाही.

ग्रामसभांच्या बातम्यांतही हेच. आमच्याकडे रविवारी ग्रामसभा म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, एखाद्या मेगा प्रोजेक्टचा किंवा डोंगरकापणीचा विषय निघाला की आवाज चढतातच. त्याच सभेबद्दल एक पेपर लिहितो 'ग्रामस्थांनी जाब विचारला', दुसरा लिहितो 'ग्रामसभेत गदारोळ', तिसरा 'जमावाने पंचांना घेरले'. ग्रामस्थ म्हटलं की घरदार, मतदान, पिढ्यानपिढ्यांचा वास असलेली माणसं डोळ्यासमोर येतात, जमाव म्हटलं की तोंड नसलेली गर्दी आणि पोलिसांची गाडी. टोळकं म्हटलं तर विचारूच नका. सभेत खुर्च्या मोडल्या असतील तर त्या मोडल्या म्हणून लिहा, पण नुसता प्रश्न विचारणाऱ्या बायाबापड्यांना जमाव करून टाकू नका. तिथे गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पेपर वाचून वाटतं की मी भांडायला गेले होते की काय, आणि पुढच्या सभेला ती घरीच बसते.

आता मरणाचे शब्द. हे मराठीत जेवढे आहेत तेवढेच जपून वापरायचे आहेत. निधन, मृत्यू, ठार, दगावणे, बळी, देहावसान, देवाज्ञा, प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि ती जागा शब्दकोशापेक्षा आपल्या कानाला जास्त माहीत असते. एकाच हायवेवर दोन अपघात झाले असं समजा, एका गाडीत मोठे व्यावसायिक होते आणि दुसरीकडे स्कूटरवरून कामाला जाणारा पोरगा. व्यावसायिकांचं होतं 'अपघाती निधन', आणि त्यांच्याबद्दल पुढे 'ते', 'त्यांना', 'त्यांच्या पश्चात'. स्कूटरवाला 'ठार' होतो, आणि 'त्याला' हॉस्पिटलात नेण्यात येतं. ठार हा लहान शब्द, हेडलाइनमध्ये बसतो हे मान्य, पण ठार मारणे यातलाच तो ठार आहे आणि त्याची आई तो वाचते. दोघांनाही 'मृत्यू' लिहा, दोघांनाही 'ते' लिहा, छपाईला असा कितीसा फरक पडतो? 'बळी' हा शब्द मला नको आहे असं नाही, उलट जिथे दोष दिसतो तिथे तोच हवा. न बुजवलेल्या खड्ड्यात कुणी गेला तर तो खड्ड्याचा बळीच, कारण बळी म्हटलं की घेणारा कोण हा प्रश्न आपोआप येतो. पण सरसकट सगळ्या अपघातांना बळी म्हणत गेलं की त्या प्रश्नाची धार जाते. 'दगावला' हा मला स्वतःला फार करुण शब्द वाटतो, आजारी माणूस, तान्हं बाळ, गोठ्यातली गाय यांच्यासाठी, जिवाने दगा दिला असं त्यात आहे, म्हणून धडधाकट माणूस अपघातात गेला तर तिथे तो बसत नाही.

आणि गोव्यात एक गोष्ट तर पाळायलाच हवी. ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसाच्या नावामागे 'कै.' लावू नका. कै. म्हणजे कैलासवासी, आणि कैलास ही शंकराची जागा. आदर दाखवायलाच ते लावलेलं असतं हे कळतं, पण त्या घरच्यांना ते परकं वाटतं. 'दिवंगत' सगळ्यांना चालतो. तसंच चर्चच्या दफनभूमीत झालेल्या विधीला अग्निसंस्कारांची सवयीची वाक्यं चिकटवू नका, दफनविधी म्हणा किंवा नुसतं अंत्यविधी म्हणा.

शाळेत हे कुठून सुरू होतं ते मी रोज बघते. पुस्तकामागे समानार्थी शब्दांची यादी असते, मुलं ती पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळतात, आणि मग निबंध लिहिताना तीच यादी वापरतात. आता तर मोबाईलवर ॲप आहे, एक शब्द टाकला की दहा देतं, पण कुठला कुणाला लागतो ते काही सांगत नाही. मग 'आमची आजी फार कंजूष होती, तिने पैसे साठवून बाबांना शिकवलं' असं वाक्य येतं. मुलाला काटकसरी म्हणायचं होतं, आजीबद्दल त्याला केवढं प्रेम आहे ते पुढच्या ओळीत दिसतंय, पण शब्दाने आजीला छोटं केलं. दुसऱ्या एका वहीत 'नामचीन लेखक' आलेला, यादीत प्रसिद्धच्या पुढे नामांकित, नामवंत, नामचीन असं लागून होतं. नामचीन आपल्याकडे गुंडांना लावतात हे यादी कशी सांगणार. सहलीचा बेत, सरकारची योजना, चोरांचा कट आणि भाऊबंदांचं कारस्थान, चारही ठिकाणी आधी ठरवून करणंच आहे, पण एकाची जागा दुसऱ्याला देऊन बघा. म्हणून मी वर्गात शब्द फळ्यावर ओळीने लावायला सांगते, चांगल्याकडून वाईटाकडे. जिद्दी, चिकाटीचा, ठाम, हट्टी, हेकट, आडमुठा. मग विचारते, हाच मुलगा आहे, त्याची आई काय म्हणेल, शेजारी काय म्हणेल, ज्याच्याशी भांडण झालंय तो काय म्हणेल? मुलं हे यादीपेक्षा पटकन शिकतात, कारण घरात ऐकलेलं असतं.

हे काही माझं नवीन म्हणणं नाही, आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच यावर बारीक विचार झालाय. कालिदासाच्या कुमारसंभवात बटूच्या वेषात आलेले शंकर पार्वतीला म्हणतात की त्या कपालीच्या संगतीची इच्छा धरल्यामुळे दोघींची दशा शोचनीय झाली, एक चंद्राची कला आणि दुसरी तू. शंकराला नावं काय कमी आहेत? पिनाकी म्हटलं असतं तरी माणूस तोच. पण पिनाकी म्हणजे धनुष्य धरणारा, त्यात पराक्रम आला, आणि इथे तर पार्वतीचं मन फिरवायचंय, म्हणून हातात कवटी घेणारा तो कपाली. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने हाच प्रश्न विचारलाय की पिनाकी सोडून कपाली का, आणि दुसरा काव्यशास्त्रकार कुंतक, त्याने पर्याय निवडण्यातल्या या कौशल्याला पर्यायवक्रता असं नाव देऊन ठेवलंय. आपल्या साध्या माणसालाही हे कळतं. साखळीला विठ्ठलापुरात दर्शनाला गेलेली म्हातारी 'विठाई' म्हणते, तिला 'श्री विठ्ठल' म्हणायला सांगितलं तर देव तोच राहील पण तिचं त्याच्याशी असलेलं नातं बदलेल.

म्हादई नदीचं घ्या. कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाबद्दल लिहिताना एका ओळीत पाणी 'वळवणे' येतं आणि दुसऱ्या ओळीत 'पळवणे', जणू काही एकच. एका अक्षराचा फरक, पण वळवणे हे इंजिनिअरचं काम आणि पळवणे ही चोरी. मी गोव्याची आहे, मला आतून पळवणेच वाटतं, आणि अग्रलेखात, भाषणात, मोर्चाच्या बोर्डावर तो शब्द जरूर यावा. पण म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी ठरवलंय, ते चूक की बरोबर यावर आपण भांडतोय, अशा वेळी बातमीत 'वळवणे' लिहून कुठली परवानगी घेतली आणि कुठली नाही हे नेमकं सांगितलं तर आपली बाजू जास्त मजबूत होते. पळवलं म्हटलं की वाचणारा चिडतो आणि पुढे वाचत नाही, कागद कुठला नव्हता हे त्याला कळतच नाही. नदीच्या नावाचंही तसंच आहे. सत्तरीत ती म्हादई, पणजीत मांडवी. म्हादई म्हटलं की आई, आंदोलन, जंगल. मांडवी म्हटलं की पूल, फेरीबोट, कॅसिनोची जहाजं. त्यामुळे म्हादईचं पाणी कमी झालं तर मांडवीचा खारेपणा वर सरकेल हे एकाच नदीबद्दल आहे असं पुष्कळ शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या ओपाच्या पाणीप्रकल्पाचं पाणी खांडेपार नदीचं, तीही तिलाच मिळते. बातमीत निदान एकदा 'म्हादई, म्हणजेच मांडवी' असं लिहायला काय हरकत आहे?

जमिनीच्या बातम्यांत 'पडीक' या शब्दाने केलेलं नुकसान मला सगळ्यात जास्त लागतं. आपल्या जांभ्या दगडाच्या पठाराला आपल्याकडे सडा म्हणतात. सड्यावर कधी शेती नव्हतीच, पण पावसात तिथे फुलं येतात, पाणी तिथून मुरतं आणि खालच्या झरीला येतं, गुरं चरतात. त्याला 'पडीक जमीन' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं ही वापरायची राहून गेलेली जागा, मग तिथे प्रकल्प आला तर बिघडलं काय? 'ओसाड' लिहिलं तर आणखीनच. प्रकल्पवाल्याने दिलेल्या प्रेसनोटमधला शब्द बातमीत जसाच्या तसा उतरतो आणि वाद सुरू व्हायच्या आधीच अर्धा संपतो. खाजनाला 'दलदल' म्हणणंही असंच, बांध घालून, मानशी, म्हणजे पाणी अडवायची दारं, बसवून, खाऱ्या पाण्याला हिशेबात ठेवून कितीतरी पिढ्यांनी उभी केलेली शेती ती, दलदल कशी? आणि डोंगर कापला तर 'डोंगरकापणी' लिहा, 'सपाटीकरण' लिहिलं की रांगोळी घालण्याआधी अंगण सारखं केल्यासारखं वाटतं.

माणसांना लावायच्या शब्दांबद्दल थोडं जास्त लिहिते. 'परप्रांतीय युवकास अटक', 'परप्रांतीय कामगाराचा मृतदेह', हा शब्द बातमीत का आला ते कळत नाही. तो कुठला हे बातमीला लागत असेल तर गावाचं किंवा राज्याचं नाव लिहा, नसेल लागत तर सोडून द्या. गोमंतकीय माणसाला अटक झाली तेव्हा 'गोमंतकीय युवकास अटक' असं आपण लिहितो का? पर या अक्षरातच दूर लोटणं आहे. परप्रांतीय हा शब्द पेपरात आणि 'घाटी' हा रस्त्यावर, दोन्ही एकाच माणसाला लागतात. माझ्या वर्गात हुबळी-धारवाड, विजापूरकडच्या घरांतली मुलं आहेत, जन्म इथलाच, कोंकणी फटाफट बोलतात आणि मराठीचे पेपर छान लिहितात. वर्गात वृत्तपत्र वाचन असतं तेव्हा तो शब्द आला की ती मुलं खाली बघतात. 'स्थलांतरित' हा त्यातल्या त्यात स्वच्छ शब्द आहे, पण इथेच जन्मलेल्याला तोही लागत नाही.

गोव्यात तर शब्दाने माणसाचं काय होतं याचा इतिहासच आहे. देवळांच्या सेवेतल्या बायकांच्या मुलाबाळांना जी जातीची नावं लावली जायची, ती त्या समाजातल्याच सुधारकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नाकारायला सुरुवात केली आणि पुढे गोमंतक मराठा समाज हे नाव स्वतःला घेतलं. नावाबरोबर शिक्षण, कला, नोकऱ्या सगळं आलं, पण आधी नाव बदलावं लागलं. म्हणून जुन्या काळावर लेख लिहिताना रंगत यावी म्हणून ती जुनी नावं उगाच पेरू नयेत, लागतीलच तिथे 'त्या काळी असं म्हणत' एवढं तरी जोडावं. गावडा, कुणबी, वेळीप समाजांबद्दलही तसंच, २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत घेतलं, ते स्वतःला आदिवासी म्हणतात, तर कुणी तिसऱ्याने त्याजागी दुसरा शब्द बसवू नये.

मटक्याच्या टेबलावर धाड पडली की 'जुगार अड्ड्यावर छापा' आणि मांडवीतल्या जहाजांबद्दल 'गेमिंग', 'मनोरंजन', 'पर्यटन उद्योग'. दोन्हीकडे पैसे लावून खेळतात. जहाजांवरच्या त्या खेळांना परवानगी मिळते ती ज्या कायद्याखाली, तो १९७६ चा कायदा सार्वजनिक जुगाराचाच आहे, नावातच जुगार आहे. एकाला परवाना आहे आणि दुसऱ्याला नाही हा फरक खरा, तो 'परवानाधारक' आणि 'बेकायदा' या शब्दांनी सांगा, गरिबाच्या खेळाला एक भाषा आणि श्रीमंताच्या खेळाला दुसरी असं नको.

आपण इथे मराठी वाचतो ती कोंकणीच्या शेजारी बसून वाचतो, म्हणून आपल्याला एक काम जास्तीचं आहे. शब्द दोन्हीकडे दिसायला सारखा आणि भाव वेगळा असं पुष्कळदा होतं. होळीच्या दिवसांतला शिगमो घ्या. आपल्याकडे रोमटामेळाच्या मिरवणुका, घोडेमोडणीचा नाच, ढोल-ताशे, 'ओस्सय ओस्सय' करत निघालेलं गाव. मराठीत 'शिमगा' म्हटलं की बोंब मारणं आधी आठवतं, कुणी भर रस्त्यात शिमगा केला म्हणजे तमाशा केला, आणि शिमगा गेला पण कवित्व उरलं ही म्हण आहेच. म्हणून इथल्या पेपरांनी 'शिगमोत्सव' हा शब्द रूढ केला तो मला फार योग्य वाटतो, काहीजण त्याला अशुद्ध म्हणून 'शिमगोत्सव' करतात तेव्हा आपल्या सणाचा रंग जातो. कोंकणीत 'बायल' साधा, रोजचा शब्द, मराठीत 'बाईल' आज लिहिलं तर हिणवल्यासारखं होतं. कोंकणीत वडीलधाऱ्यांना 'जाण्टे' म्हणतात, त्यात जाणतेपणाचा मान आहे, तो 'म्हातारे' असा मराठीत आणला की मान गळून जातो, 'वडीलधारे' किंवा 'जाणती मंडळी' लिहावं. मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवरच्या घरात राहणाऱ्याला, भाडेकरू लिहिणं तर अर्थानेही चूक आहे, मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ चा वेगळा कायदा आहे, भाडेकरू म्हटलं की तो हक्कच पुसला जातो.

१९ डिसेंबरला आपण 'मुक्तिदिन' म्हणतो. ज्या लष्करी कारवाईने १९६१ साली साडेचारशे वर्षांची राजवट संपली तिला पोर्तुगाल तेव्हा आक्रमण म्हणत होता, आणि १९७४ साली त्यांनी भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. घटना तीच, दिवस तोच. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला सत्याग्रही गोळीबारात मारले गेले असंही लिहिता येतं आणि हुतात्मा झाले असंही, दोन्ही खरं आहे, पण मुलांच्या पुस्तकात मला हुतात्माच हवं, कारण तिथे नुसता आकडा सांगून भागत नाही. मी भावनेचे शब्द काढून टाका म्हणत नाहीये हे यावरून तुमच्या लक्षात येईल. कुठे भाव हवा आणि कुठे नको, हे ठरवून लिहा म्हणतेय, तो भाव सवयीने किंवा प्रेसनोटमधून आत येऊ नये.

तर माझी विनंती अशी. तुमच्या डेस्कवर येणाऱ्या नवीन मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगा की शब्द परत आला म्हणून कुणी रागावणार नाही. गोव्यात रोज लागणाऱ्या शब्दांचा एक तक्ता करा, पोलीस, कोर्ट, ग्रामसभा, जमीन, मरण, समाजांची नावं, आणि प्रत्येकापुढे तो कुठे चालतो, कुठे नाही हे दोन ओळींत लिहा. तक्ता करताना ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांना विचारा. पणजीत २०२३ पासून अपंग व्यक्तींचा पर्पल फेस्ट भरतो, तिथे जाऊन विचारलंत तर कुणाला 'दिव्यांग' आवडतो, कुणाला तो उगाच देवपण चिकटवल्यासारखा वाटतो आणि 'अपंग व्यक्ती' सरळ वाटतं, कुणी म्हणतं नावाने हाक मारा, बाकी काही नको. त्यांचं ऐकून ठरवा, ऑफिसात बसून ठरवू नका. ख्रिस्ती, मुसलमान वाचकांनाही विचारा, मराठी वाचणारे ते पुष्कळ आहेत. आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत एक छोटं सदर सुरू करा, एका आठवड्याला दोनच शब्द, म्हणजे जाब आणि गदारोळ, पडीक आणि सडा, असे जवळजवळचे, वाचकांनीच पाठवायचे आणि कुठे ऐकला, कोण कुणाला म्हणालं हे त्यांनी लिहायचं. आमच्या शाळेतली मुलं दर आठवड्याला पाठवतील, ती जबाबदारी मी घेते. तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत शाळांनाही द्या, नववी-दहावीच्या मुलांना निबंधासाठी तो पुस्तकामागच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आपली,
एक मराठी शिक्षिका, फोंडा